उत्तरेची टाकी

बटन दाबलं ते ट्यूबलाइटचं, आणि फिरायला लागला पंखा. एवढंच झालं. मार्च लागला होता, पंखा फिरला म्हणून काही बिघडत नव्हतं, पण माझं बोट त्या बटनावर तसंच राहिलं. चिखलीतल्या या दोन खोल्यांत मी महिनाभरापासून आहे. नात काजल इथं भाड्यानं राहते, नोकरी करते. डोळ्यातला मोतीबिंदू काढला म्हणून तिनं मला गावाहून आणून ठेवलं. महिनाभरात बोटाला जागा पाठ झाली होती. दारातून हात आत घातला की वरचं पहिलं बटन ट्यूबलाइटचं, शेवटचं पंख्याचं. आज सकाळीच वायरमन आला, बोर्ड उघडला, काही जळकं काढलं आणि बोर्ड परत बसवून गेला. उलटा बसवला असणार. वरचं खाली गेलं, खालचं वर आलं. बटनं तीच, तारा त्याच, पांढरी पट्टीही तीच. नुसतं पाहून कोणाला कळलं नसतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. बोट चुकलं नव्हतं. बोट जिथं जायचं तिथंच गेलं होतं. तिथलं सगळं फिरलं होतं, आणि बोटाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

मग मला खाटेवरचं ते चित्र आठवलं.

काजलच्या ऑफिसात यंत्रांची पुस्तकं बनतात. कागदाची नाहीत, मोबाईलवर उघडतात ती. दिवाळीनंतर तिच्याकडे हळद शिजवायच्या नव्या कुकरचं काम आलं होतं. कारखान्यानं चित्र पाठवलं, पण कोणता भाग कोणता ते नीट लिहून पाठवलं नाही, आणि विचारायला फोन केला तर तिकडचा माणूस उद्या सांगतो म्हणायचा. तेव्हा ती लॅपटॉप घेऊन गावी आली. आबा, तुम्ही पंधरा-वीस वर्षं हेच केलं ना, मग तुम्हीच सांगा. मी आधी भाजीपाला केला आणि पुढची ही वर्षं या कुकरवर काढली. माघ-फाल्गुनात ट्रॅक्टरमागं कुकर जोडायचा आणि गावोगाव हळद शिजवत फिरायचं. मधे बॉयलर, त्याच्या पोटात भट्टी, दोन अंगांना दोन टाक्या. टाक्यांत ओली हळद. बॉयलरच्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन मुठी, एकेका टाकीची वाफ सोडायला आणि बंद करायला. मूठ उभी म्हणजे वाफ चालू, आडवी म्हणजे बंद. बंद केल्यावर दहा मिनिटं थांबायचं, मग त्या टाकीच्या झाकणाचा अडसर काढायचा. वाफेच्या नळ्या पत्र्याच्या आतून जातात, त्यामुळं कोणती मूठ कोणत्या टाकीची हे बाहेरून दिसत नाही. ते माहीत असावं लागतं.

काजलनं मला तिचं काम समजावून सांगितलं होतं. चित्र तसंच राहते आबा, त्याच्यावर आपण चौकट टाकायची. चौकट दिसत नाही कोणाले. पण तिथं बोट लागलं की त्या भागाचं पान उघडते. मुठीले बोट लावलं की मुठीचं पान, झाकणाले लावलं की झाकणाचं. मी बराच वेळ त्या चित्राकडं पाहत राहिलो. वरून काहीच नाही, आणि जागोजागी न दिसणारी दारं. मला ते काही बरं वाटलं नव्हतं. गावात अशा जागा असतात, माणसं तिथून जाताना बोलणं बंद करतात आणि नव्या माणसाला का ते कळत नाही. पण नातीच्या कामाला नाट लावू नये, म्हणून मी गप्प राहिलो. चित्रात मधोमध एक काळं तोंड होतं. मी लॅपटॉप उचलला आणि खाटेवर फिरवून ठेवला.

"आबा, काऊन फिरवून राह्यले?"

"भट्टीचं तोंड उगवतीले पाहिजे."

"चित्राले कायची दिशा, आबा?"

"मशीनले असते. मग चित्राले नसून कसं चालीन?"

"बरं. घ्या उगवतीले. नारळ आणू का फोडाले?"

ती हसली, मीही हसलो. पण भट्टीचं तोंड आम्ही नेहमी उगवतीलाच ठेवायचो. या दिवसांत वारा उगवतीकडून असतो, धूर आणि ठिणग्या पेटवणाऱ्याच्या अंगावर येत नाहीत असं म्हणायचो, आणि पहिल्या विस्तवाला नारळही उगवतीलाच फुटतो. त्यामुळं तोंडापुढं उभं राहिलं की उजव्या हाताला उत्तरेची टाकी, डाव्या हाताला दक्षिणेची. उत्तरेची ती एक नंबर, दक्षिणेची दोन नंबर. मी चित्रातल्या काळ्या तोंडापुढं बसलो, उजव्या हाताच्या मुठीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, ही एक नंबरची. काजलनं तिथं चौकट ओढली. दुसरीवर बोट ठेवलं, ही दोनची. तिनं दुसरी ओढली. बस, झालं आबा. तुमचं बोट आता पुस्तकात गेलं. ते मला फार आवडलं होतं. पुढं महिनाभर मी लोकांना सांगत होतो की नव्या कुकरच्या पुस्तकात माझं बोट आहे. उंद्रीच्या जीवनला तर मी पुन्हा पुन्हा सांगितलं. यंदा त्यानं तोच कुकर घेतला आहे. त्याचा हा पहिला हंगाम. म्हटलं, अडलं की चित्राला हात लाव, मी तिथंच बसलेलो आहे.

पंखा फिरत होता. मी खुर्चीवर बसून मोबाईल काढला. काजलनं ते पुस्तक माझ्याही मोबाईलात टाकून ठेवलं होतं. चित्र उघडलं, दोन बोटांनी मोठं केलं. दिवाळीनंतर मी हे चित्र पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यावर दुधासारखी साय होती. आता साय नव्हती. एकेक खिळा दिसत होता. मी ते काळं तोंड पाहिलं, त्याच्या वरची जागा पाहिली. पाण्याची काच नव्हती. प्रत्येक कुकरला भट्टीच्या तोंडावर एक उभी काच असते, बॉयलरात पाणी किती उरलं ते दाखवणारी. पेटवणाऱ्याला समोर दिसावी म्हणून ती त्याच बाजूला बसवतात, दुसरीकडं बसवून उपयोग नाही. चित्रात तिथं कोरा पत्रा होता. मी खाली सरकलो. काळ्या तोंडाला बिजागरीची छोटी झडप होती, आणि तिच्याखाली राखेचं पत्र्याचं खोकं. ते भट्टीचं तोंड नव्हतं. मागून राख काढायची खिडकी होती. चित्र मागून काढलेलं होतं. मी उगवतीला बसलो नव्हतो, मावळतीला बसलो होतो. माझ्या उजव्या हाताला उत्तर नव्हती.

तरीही मी उजव्या मुठीवर बोट लावलं. पान उघडलं. मी अजून अक्षर लावून वाचतो, ओठ हलतात. 'टाकी क्रमांक १. ही मूठ आडवी केल्यावर टाकी क्रमांक १ ची वाफ बंद होते. दहा मिनिटे थांबावे. नंतर झाकणाचा अडसर काढावा.' स्वच्छ छापलेलं, एकही शब्द खोटा वाटू नये असं. आणि ती मूठ दोन नंबरची. ती आडवी करणारा माणूस दोन नंबरची वाफ बंद करणार, दहा मिनिटं थांबणार, आणि भरल्या वाफेच्या एक नंबरवर चढून झाकण उघडणार. टाक्यांवर आकडे रंगवलेले असतात, तेव्हा तो एक नंबरवरच चढणार. पुस्तकात सांगितलं तसं एकेक करत जाणार.

घड्याळात पावणेदहा झाले होते. काल संध्याकाळी जीवनचा फोन आला होता. उद्या सकाळी पेटवतो आबा, दहाला पहिली टाकी उघडतो, तुमचं नाव घेऊन. मी त्याला लावला. 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती...' पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग काजलला लावला.

"काजल, त्या चित्रातल्या दोन चौकटी उलट्या पडल्या."

"कोणत्या, आबा?"

"मुठीच्या. ते चित्र मागून काढलेलं आहे. मी समोरून समजलो."

"पक्कं का? सकाळचं औषध टाकलं ना डोळ्यात?"

"पक्कं."

 तिच्या मागं कोणीतरी चहाचं विचारत होतं. "चौकटी बदलाले पाच मिन्टं लागतीन, मी आत्ता बदलते. पण ज्यानं आधीच उतरवून घेतलं त्याच्या मोबाईलात जुनंच राहीन. रेंजमधे आला की नवं येईन."

"जीवनच्या मोबाईलात?"

"जीवनकाकाले तर तुम्हीच मले पाठवाले लावलं होतं आबा, मागच्या सोमवारी." मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांचा फोन लागून नाही राह्यला का?"

मी फोन ठेवला. जीवनचं शेत खोलगटात आहे, तिथं रेंज नसते, हे मला माहीत होतं. वर बांधावर, रस्त्याच्या कडेला, निंबाखाली रेंज असते. आणि निंबाखाली प्रेमानंद बसलेला असणार. प्रेमानंद म्हणजे जीवनचा बाप. पंधरा वर्षांपासून तो वाफेजवळ जात नाही. पोराची भाकर घेऊन येतो, वरच बसतो, पोरगं वर येऊन खातं. त्याचा नंबर माझ्या मोबाईलात होता. मी तो काढला आणि त्याच्यावर बोट ठेवायला माझा हात होईना.

माझ्या डाव्या मनगटाजवळ रुपयाएवढा गुळगुळीत डाग आहे. आंघोळीला पाणी घेताना त्याच्यावर हात गेला की अमडापूरच्या शिवारातली ती दुपार समोर येते, मागं-पुढं काही नाही, नुसती ती दुपार. प्रेमानंद आणि मी जोडीनं कुकर चालवायचो. मी भट्टीवर, तो टाक्यांवर. त्या शेतात उतार होता, दुसरीकडं चाकं बसेनात, म्हणून पहिल्यांदाच भट्टीचं तोंड आम्ही मावळतीला केलं. प्रेमानंद म्हणालाही होता, बे, उलटं होऊन राह्यलं. मी म्हटलं, एक दिवसानं काही होत नाही. टाक्यांवर पांढऱ्या रंगात एक आणि दोन लिहिलेलं होतं. मला ते तेव्हा वाचता येत नव्हतं. छप्पन वर्षांचा होतो आणि अंगठा उठवत होतो, आणि प्रेमानंदला हे माहीत होऊ नये म्हणून मी नेहमी दिशेनं बोलायचो. तोंडापुढं उभं राहून उजव्या हाताची मूठ मी आडवी केली. ती एक नंबरची, ते बरोबर होतं. दहा मिनिटं थांबलो. मग ओरडलो, "उत्तरेची उघड." रोज हेच ओरडायचो. त्या दिवशी माझ्या उजव्या हाताला दक्षिण होती. प्रेमानंद उत्तरेच्या टाकीवर चढला. दोन नंबरची, भरली. अडसर सरकल्याचा टक् असा आवाज आला, आणि मग काही वेळ आवाजच नव्हता. लोकांना वाटतं वाफ ओरडते. पहिल्यांदा ती ओरडत नाही.

मी त्याला ओढून काढताना माझं मनगट भाजलं, एवढंच. त्याचा चेहरा गेला. डोळे वाचले. बुलढाण्याला महिनाभर होता. तो बोलायला लागण्याच्या आधीच गावात बोलणं सुरू झालं होतं. बंद टाकी सोडून चालू टाकीवर हा चढलाच कसा? कोणीतरी म्हणालं, त्या शेताला चकवा आहे. त्याला चकवा लागला, भरदिवसा दिशा फिरली. कोण पहिल्यांदा म्हणालं ते मला माहीत नाही. मी नव्हतो. पण मला लोकांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली, असेल म्हणालो. दवाखान्यात प्रेमानंदनं पट्ट्यांच्या आतून मला विचारलं, "मले चकवा लागला का रे?" आणि मी त्याच्या पायावर हात ठेवून म्हटलं, "लागते कधी कधी." त्यानंतर तो एकटा कुठं गेला नाही. अमडापूरच्या बाजारालाही जीवनला किंवा बायकोला घेऊन जातो. उंद्रीत पोरं त्याला पाहून म्हणायची, काका, उगवत कोणीकडे? तो हसायचा. ओढलेल्या कातड्यात हसू कसं दिसतं ते मी पाहिलं आहे.

त्या पावसाळ्यात मी सरस्वतीबाईंच्या वर्गात जायला लागलो. मास्तरकीतून सुटलेल्या बाई, दुपारी देवळाच्या ओसरीवर म्हाताऱ्यांना शिकवायच्या. मला म्हणायच्या, कडूबा, या वयात कोणाले चिठ्ठी लिहायची आहे? सगळे हसायचे. गावाला वाटलं मला पोथी वाचायची आहे. मी पहिल्यांदा आकडे शिकलो. एक आणि दोन. पाटीवर ते गिरवताना माझा घाम पाटीवर पडायचा आणि बाई म्हणायच्या, एवढं काय भिता. पुढं मी अक्षरं शिकलो, पाटी वाचायला लागलो, एसटीचा बोर्ड वाचायला लागलो. पण हात मात्र दिशेनंच चालत राहिला. दिवाळीनंतर त्या खाटेवर, नातीसमोर, वाचता येत असून मी चित्राला उगवत दिली.

दहाला पाच कमी होते. मी बोट ठेवलं. दोन रिंगातच त्यानं उचलला.

"बोल बे. डोळा काय म्हणते तुझा?"

"प्रेमानंद, उठ. जीवनपाशी जा."

"काऊन?"

"झाकण उघडू देऊ नको. कोणतंच. दोन्ही मुठी आडव्या करा, विस्तव ओढून काढा. आधी हे कर."

"तो खाली आहे, मी वर आहो." त्याचा आवाज बदलला. "मी तिथं जात नसतो, तुले माहीत आहे."

"माहीत आहे. जा."

"काऊन पण?"

"पुस्तकात चूक आहे. चित्रातल्या मुठी उलट्या आहेत. माझी चूक आहे."

पलीकडं पाखरं ओरडत होती. मग काठी आपटल्याचा आवाज आला, मग त्याचा श्वास. तो चालत होता. "कोणत्या अंगानं उतरू बे," तो म्हणाला, मला की स्वतःला, कळलं नाही. बांधाखालून धूर आला असेल, कारण तो खोकला. "कडूबा, इथून..." आणि फोन तुटला. खोलगट लागला.

मी खुर्चीत बसून होतो. पंखा बंद करावा असं वाटत होतं, उठवत नव्हतं. बांधापासून कुकरपर्यंत दोनशे पावलं असतील. त्याची तीनशे. मी पावलं मोजायला लागलो आणि सोडून दिलं, कारण मला पावलांच्या पुढचं दिसायला लागलं. चढलेलं पोरगं, हातात मोबाईल, अडसरावर पंजा. टक्. खालच्या मजल्यावर कोणीतरी कुकर लावला होता, साधा, भाताचा. त्याची शिट्टी झाली आणि मी घड्याळाकडं पाहिलं. दहा वाजून गेले. दहा वाजून सात. मी जीवनला लावला, प्रेमानंदला लावला. तीच बाई, तेच वाक्य, कोणाचाही जीव जाऊ दे तिचा आवाज तोच. मोबाईलवर काजलचा निरोप आला, आबा बदललं. मी चित्र उघडलं. चित्रात काहीच बदललेलं दिसत नव्हतं. उजव्या मुठीला बोट लावलं, पान उघडलं, टाकी क्रमांक २. आता बरोबर होतं.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"हां," प्रेमानंद म्हणाला. त्याला दम लागला होता. "उतरवला त्याले. एक नंबरवर चढून बसला होता, हात अडसराले. ऐकून नाही राह्यला. म्हणे बाबा, पुस्तकात लिहेल आहे, हे पाहा. म्हणे तुमचा चकवा तुमच्यापाशी ठेवा."

"मग?"

"एक मूठ त्यानं आडवी केलीच होती, मग मी दुसरी केली. माह्या हातानं. अन् बादलीतलं पाणी फेकलं एक नंबरच्या झाकणावर. फटीतून अशी फुसकली वाफ... जीवन पाहतच राह्यला. आता बसला आहे मातीत."

मी डोळे मिटले. नव्या डोळ्यातून पाणी आलं, औषधाचं असेल. म्हटलं, "बरं झालं. बरं झालं प्रेमानंद."

 तो बांधावर परत आला असणार, पाखरं पुन्हा ऐकू येत होती.

"कडूबा."

"हं."

"इथं भट्टीचं तोंड मावळतीले आहे. उतार आहे म्हणून."

"हं."

"तिथंही मावळतीलेच होतं. मी म्हणलो होतो तुले, उलटं होऊन राह्यलं."

पंखा डोक्यावर एकाच जागी कुरकुरत होता, दर फेरीला एकदा. मी त्या कुरकुरीची वाट पाहत होतो आणि ती येत होती.

"तू उत्तरेची म्हणला होता," तो म्हणाला. "आता खाली उभा राहून पाह्यलं मी. उत्तर कोणीकडे, मूठ कोणती. पंधरा वर्षांनं पाह्यलं. मी उत्तरेचीच उघडली होती का बे?"

मला म्हणता आलं असतं, आठवत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते शोभतं.

"हो," मी म्हटलं. "तू बरोबर उघडली होती."

"चकवा नव्हता."

"नाही."

 त्यानं फोन ठेवला नव्हता. दूर कुठंतरी जीवननं बाबा म्हणून हाक मारली, त्यानं ओ दिली नाही.

"घरी आहे का तू?"

"चिखलीले. काजलपाशी."

"रायजो तिथंच. मी येतो."

"जीवनले घेऊन?"

"एकटा," प्रेमानंद म्हणाला. "मले रस्ता सापडते."

उंद्रीहून चिखलीला एसटी पाऊण तासात येते. मी खुर्ची उचलली आणि दाराकडं तोंड करून बसलो. ते दार कोणत्या दिशेला आहे, हे महिनाभरात मी एकदाही पाहिलं नव्हतं.